दोष गळाचा कीं पाण्याचा?

मासे कमी झाले कीं मासेमारी बंद करावी, हा उपाय सांगण्यास सोपा आहे. तो पुरेसा आहे काय, याचा विचार शेतकरीवर्गानेंही केला पाहिजे. कारण ओढ्याचें बरेंवाईट बहुधा त्याच्या कांठच्या जमिनीवर ठरतें. या बाबतींत अमेरिकेच्या पूर्वभागांतील ग्रेट स्मोकी पर्वताचा अनुभव आम्हांस बोधप्रद वाटतो.

टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरील या डोंगरांत ब्रूक ट्राउट हा मूळचा मासा आहे. गळाला कृत्रिम माशी लावून तो धरणें हा तेथील लोकांचा जुना छंद. या माशाला थंड व निर्मळ पाणी लागतें. शरद ऋतूंत मादी तळच्या खड्यांत अंडीं घालते. खड्यांमधून पाणी खेळत राहिलें तरच तीं हिवाळाभर जगतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लांकडाच्या व्यापारासाठीं येथील रान तोडलें गेलें. सावली गेली, पाणी तापलें, उतारावरील माती ओढ्यांत येऊन खड्यांच्या फटी बुजल्या. पुढें त्याच पाण्यांत पश्चिमेकडील रेनबो ट्राउट आणून सोडण्यांत आला. १९३४ सालीं राष्ट्रीय उद्यान झाल्यावर रान पुन्हा वाढलें. पण खालच्या ओढ्यांत पाहुणाच घरधनी होऊन बसला आणि मूळचा मासा उंचावरील पाण्यापुरता उरला.

१९७५ सालीं उद्यानांत ब्रूक ट्राउट धरण्यास मनाई झाली. २००६ सालीं ती उठली. कारण मर्यादित मासेमारीनें त्याच्या संख्येस अपाय होत नाहीं, असें पाहणींत आढळलें. मूळचा मासा खालच्या ज्या ओढ्यांत परतला, तेथें परका मासा आधीं काढून टाकावा लागला, आणि त्यासाठीं असे ओढे निवडले कीं ज्यांच्या खालीं त्याला चढतां येणार नाहीं असा धबधबा आहे.

गळावर कांहींच बंधन नको, असें आमचें म्हणणें नाहीं. लांबीची व संख्येची मर्यादा असावीच. परंतु गळावर बोट ठेवून पाण्याची हयगय करणें म्हणजे रोगाऐवजीं रोग्यालाच दटावणें होय.

आपल्याकडील ओढे निराळे व त्यांतले मासेही निराळे. तथापि ओढ्यांतला गाळ ही कोणाच्या तरी शेताची गेलेली माती असते, ही गोष्ट दोहींकडे सारखीच खरी आहे. कांठचें झाड राखणारा शेतकरी स्वतःची जमीन आणि दुसऱ्याचा मासा, दोन्ही राखतो. आमच्या शेतकरी बंधूंनीं कांठावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें.