स्पिरिटने तबकडी पुसू नका



जुना रेडिओ आणि ग्रामोफोन ‘बोळाभर स्पिरिटने नवा’ करण्याचा सल्ला गेल्या अंकात वाचला. तो चुकीचा आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बालगंधर्वांची तबकडी अशी पुसली, तर मळाबरोबर सूरही निघेल. लेखकाने विनाइलच्या तबकड्यांचा नियम लाखेच्या तबकड्यांना लावला. लाकडी पेटीवरचे जुने पॉलिशही पुष्कळदा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचेच, सुताराला विचारा.

‘साधे पाणी निरुपद्रवी’ हेही आमच्या कऱ्हाटी गावात खरे नाही. इथले बोअरचे पाणी जड, वाळले की खाचांत क्षार बसतात. तबकडीला हवे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके. पुसायचे खाचांच्या दिशेने, लेबल कोरडे ठेवून. डायलच्या काचेवर आतून छापलेल्या स्टेशनांच्या नावांना तर ओले फडके लावूच नये. मी तरुणपणी लावले. ‘सिलोन’ कायमचे गेले.

स्पिरिट चालते ते स्विचच्या धातूच्या टोकांना, तेही प्लग काढून. एवढेच मान्य.

ही दुरुस्ती पुढच्या अंकात ठळक छापावी.

— एक वाचक, बारामती