केबिनमधला कोलाहल

देवास, सांवेर, महू या बाजूंनी पहाटे भाजीपाला घेऊन इंदूरच्या चोइथराम मंडीकडे येणाऱ्या पिकअप गाड्या आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. कांद्यावर ताडपत्री असते, फळांभोवती कागदाच्या कातरणांचा थर असतो. चालकाच्या डोक्यावर मात्र पातळ अस्तर आणि त्यावर घणघणणारा पत्रा, एवढेच काय ते असते. माल जपला जातो. कान जपण्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

या वाहनात मोटारीहून आवाज अधिक का, हे त्याच्या रचनेवरून कळते. पुढे डिझेल इंजिन, खाली कठीण कमानपाटे, मागे रिकामा असला की ढोलासारखा वाजणारा हौदा. आणि तो हौदा व चालकाचे डोके यांमध्ये केवळ एक पत्रा नि एक काच. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबल ही कानांची सुरक्षित मर्यादा समजली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते. म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास, ९१ ला दोनच. आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. घरी आल्यावर मुलांचे बोलणे पुन:पुन्हा विचारावे लागते, तेव्हा वेळ बरीच पुढे गेलेली असते. गोंगाटावर मात म्हणून मोठ्याने गाणी लावणे हा तर त्याच कानांवर दुसरा भार होय.

उपाय म्हटला की लोक गादी किंवा स्पंज कोंबू लागतात. परंतु आवाज तीन वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचे औषध निराळे आहे.

पहिली वाट पत्र्याच्या कंपनाची. वाजणाऱ्या पितळी ताटाला बोट लावताच त्याचा नाद थांबतो. तेच काम येथे करावयाचे. अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी पत्र्यावर लावतात. पत्रा वाकू लागला की मधले मऊ रबर ताणले जाऊन कंपनाची शक्ती उष्णतेत जिरते. या पद्धतीचे गणित कर्विन या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले. सगळा पत्रा मढविण्याची गरज नसते. बोटाने ठोकून जेथे घणघणाट अधिक, तेथे पत्र्याच्या मध्यभागी साधारण चौथा हिस्सा झाकला तरी बराचसा गुण येतो. पत्रा स्पिरिटने पुसून पट्टी रुळाने घट्ट दाबावी. गच्चीला लावायची डांबरी चादर स्वस्त पडते खरी, पण माळव्याच्या वैशाखात ती वितळते, दर्प सोडते आणि टपावरून सुटून येते.

दुसरी वाट फटींची. पत्र्याच्या शंभरावा हिस्सा एवढी जरी फट राहिली, तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, आवाज २० डेसिबलांहून अधिक कमी होऊ शकत नाही. म्हणून इंजिनाकडून तारा येण्याची भोके, गिअरच्या दांड्याचे आवरण व दारांचे रबर प्रथम पाहावे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली, तर रबर थकले असे समजावे. इंजिनाकडील भिंतीवर आणि तळावर फोम व त्यावर जड व्हिनाइलचा थर दिल्यास आणखी फरक पडतो. हा थर चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरतो, हे मालवाहू गाडीच्या धन्याने ध्यानात घ्यावे.

तिसरी वाट आत शिरलेल्या आवाजाच्या घुमण्याची. येथे टपाच्या अस्तरामागे नमदा किंवा फोम उपयोगी पडतो. परंतु तीक्ष्ण आवाजापुरताच. इंजिनाच्या १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. दोन सेंटिमीटरचा स्पंज तिला काय अडविणार?

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरते व तळच्या भोकांतून निघून जाते. ती भोके कदापि बुजवू नयेत, आणि दारात कापूस किंवा नमदा न घालता पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोमच वापरावा. नाही तर दोन पावसाळ्यांत पत्रा गंजेल. दुसरी गोष्ट आगीची. फोमचा लहान तुकडा मोकळ्या जागी काडीने पेटवून पाहावा. काडी दूर केल्यावरही तो जळत राहिला, तर तो गाडीत घालू नये.

या साऱ्याच्या आधी करावयाचे काम मात्र जवळजवळ फुकटचे आहे. हौद्याचा सैल फाळका, लोंबणाऱ्या साखळ्या, फुटका सायलेन्सर आणि इंजिनाखालची झिजलेली रबरे प्रथम दुरुस्त करावीत. मग पट्टी, मग फटी, शेवटी अस्तर, हा क्रम ठेवावा. केबिन पुरते नि:शब्द करणे हे उद्दिष्टच नव्हे. मागून येणारा भोंगा आणि रुग्णवाहिकेची हाक ऐकू आलीच पाहिजे.

गाडी बहुधा मालकाची असते आणि कान चालकाचे. म्हणूनच हा खर्च राहून जातो. दिवाळीला टपावर झालर आणि आरसा लावणाऱ्या मालकांनी यंदा तेवढाच खर्च पत्र्याच्या आतल्या बाजूस करून पाहावा.