मते कोणाची, जागा कोणाच्या?

ब्रिटनमध्ये जुलै 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मते पडली आणि 650 पैकी 411 जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाच्या पदरी 14 टक्के मतांवर अवघ्या 5 जागा आल्या. आपल्याकडे निराळे घडत नाही. 2014 साली भारतीय जनता पक्षाने 31 टक्के मतांवर लोकसभेत 282 जागा जिंकल्या. बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकही जागा लाभली नाही. हा कोणाच्या लबाडीचा परिणाम नव्हे. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, या पद्धतीचेच हे फळ होय.

या पद्धतीचे गुण आम्ही नाकारीत नाही. ती सोपी आहे, आणि आपला प्रतिनिधी कोण हे मतदाराला नेमके ठाऊक असते. जानेवारी 1949 मध्ये घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा निरक्षरता आणि सरकारचे अस्थैर्य ही कारणे दाखवून डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. अस्थैर्याचे भय अनाठायी नाही. इस्रायलला 2019 ते 2022 या काळात पाच निवडणुकांना सामोरे जावे लागले. परंतु जर्मनीने पाच टक्के मतांची अट घालून आणि मतदारसंघाला पक्षयादीची जोड देऊन हे भय बरेच आवरले आहे.

निरक्षरतेचे कारण मात्र आता पुढे करता येणार नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपले वाचक पसंतीचे आकडे लिहूनच मत देतात. एक, दोन, तीन लिहिण्यास पदवी लागते काय?

प्रयोगाला प्रारंभ महापालिकांपासून व्हावा. पुणे, नागपूर, नाशिक येथे 2017 साली चार सदस्यांचे प्रभाग होते. पण प्रत्येक जागेसाठी मत वेगळे, त्यामुळे एकाच पक्षाने चारही जागा पटकावाव्यात अशीच ती रचना होती. अशा प्रभागात पसंतीक्रम आणला, तर पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक मते असलेल्या गटालाही एक जागा मिळेल. मोजणी लांबेल, आरक्षित जागांची सांगड घालावी लागेल, हे खरे. तथापि, मत देऊनही ज्यांच्या मताला सभागृहात वाचा नाही, त्या नागरिकांची निराशा लोकशाहीला याहून अधिक महाग पडेल.