प्रवासाची शिदोरी : आफ्रिकेला जातांना सोबत किती असावी?

आमच्या वहिनी भाईंदरला राहतात. तेथील एका शाळेंत त्यांनीं तीस वर्षें भूगोल शिकविला. आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर टांगून विषुववृत्त, नाईल नदी, व्हिक्टोरिया सरोवर हें सारें त्यांनीं किती मुलांकडून पाठ करून घेतलें असेल त्याची गणती नाहीं. परंतु छडीनें दाखविलेली ती भूमि एकदां डोळ्यांनीं पाहावी, ही इच्छा त्यांनीं कधीं कोणापाशीं बोलून दाखविली नव्हती. आमचे बंधु गेल्याला आतां चार वर्षें झालीं. गेल्या वर्षीं गुढीपाडव्याला सारें कुटुंब जमलें असतां जेवणें आटोपल्यावर त्या सहज म्हणाल्या, "मला आफ्रिकेला जायचें आहे."

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सगळेच बोलूं लागले. आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांचें म्हणणें असें कीं, या वयांत काशी-रामेश्वर करावें, आफ्रिका कसली? चिरंजीवांची हरकत निराळी होती. आईचें वय बासष्ट. बरोबर कोणी नाहीं. तेव्हां जायचेंच असेल तर चाळीस-पन्नास माणसांच्या मोठ्या सहलींत जावें, म्हणजे काळजी नको. वहिनींनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दरमहा प्रवासाविषयीं लिहितां. आतां घरच्या माणसाला सांगा, काय करूं?"

या सदराच्या वाचकांकडूनहि असा प्रश्न अनेकदां येतो. म्हणून वहिनींना जें सांगितलें, आणि त्या जाऊन आल्यावर त्यांच्याकडून जें कळलें, तें येथें मांडीत आहें.

पहिली गोष्ट ही कीं, पूर्व आफ्रिका आपणांस वाटते तितकी परकी नाहीं. घोडबंदरचा किल्ला मीरा-भाईंदरच्या हद्दींतच आहे. एके काळीं तो पोर्तुगीजांचा होता. १७३७ सालीं तो मराठ्यांच्या हातीं आला आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. याच पोर्तुगीजांनीं समुद्राच्या पलीकडच्या कांठीं, मोंबासा येथें, १५९३ सालीं फोर्ट जीझस बांधावयास घेतला, आणि त्या किल्ल्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखालीं चाले. आपल्या खाडीवरील किल्ला आणि तो किल्ला अशा रीतीनें एकाच सत्तेचीं दोन ठाणीं होतीं. १६९८ सालीं ओमानच्या अरबांनीं मोंबासा जिंकलें, आणि पुढें चाळीस वर्षांनीं इकडे मराठ्यांनीं वसईचा तट फोडला. पूर्व आफ्रिकेंत १९२० पर्यंत रुपयाचेंच चलन होतें. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळांत बांधली गेली, ती हिंदुस्थानांतून नेलेल्या सुमारें ३२,००० मजुरांच्या हातांनीं; त्यांपैकीं सुमारें २,५०० जण तेथेंच मरण पावले. २०१७ सालीं केनिया सरकारनें आपल्या देशांतील हिंदी वंशाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. जेथें आपल्या माणसांचीं हाडें पडलीं आहेत ती भूमि परकी कशी म्हणावी?

समुद्रगमनाचा बाऊ करण्याचे दिवस तर केव्हांच सरले. आपल्याच ठाणें जिल्ह्यांतील कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अठरा वर्षांच्या असतां अमेरिकेस गेल्या. त्या मानानें मुंबईहून सहा तासांत गांठतां येणारें नैरोबी म्हणजे फार दूर नव्हे.

आतां मुख्य प्रश्न सोबतीचा. मोठ्या सहलींना नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. मराठी मध्यमवर्गाला परदेशाची वाट दाखविण्याचें काम १९८४ सालीं सुरू झालेल्या केसरीसारख्या आणि २०१३ सालच्या वीणा वर्ल्डसारख्या सहल-संस्थांनींच केलें. ज्यांना परक्या मुलखाची धास्ती वाटते, जेवणांत वरण-भात असल्याखेरीज चैन पडत नाहीं आणि मराठी बोलणारा व्यवस्थापक सतत जवळ लागतो, त्यांना मोठी सहल हीच बरी. लंडन-पॅरिस पाहावयाचें असेल तर चाळीस माणसें एका बसमधून सुखानें जातात. कारण राजवाडा चाळीस माणसांना पाहून पळून जात नाहीं.

आफ्रिकेच्या रानांत हिशेब बदलतो. तेथें बस चालत नाहीं. छप्पर वर उचलतां येईल अशा जीपगाड्या असतात आणि एकींत सहा-सात माणसें बसतात. चाळीस माणसें म्हणजे सहा-सात गाड्या झाल्या. मासाई मारांत तर असा नियम आहे कीं, एका जनावराभोवतीं पांचांहून अधिक गाड्या उभ्या करूं नयेत. म्हणजे सिंह दिसला तरी मोठ्या सहलींतील कांहीं गाड्यांना मागें थांबून आपली पाळी येण्याची वाट पाहणें आलें. सगळ्यांनीं एकत्र निघावयाचें, एकत्र जेवावयाचें आणि एकत्र परतावयाचें म्हटलें कीं सर्वांत सावकाश माणसाच्या वेगानें सारा तांडा चालतो. आणि रानांतील मोलाची वेळ ही सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वींची एवढीच असते. सहा ते दहा माणसांचा मेळ असला म्हणजे दोन गाड्यांत काम भागतें, प्रत्येकाला खिडकी मिळते आणि एकानें "जरा थांबा" म्हटलें कीं गाडी थांबते.

वहिनींनीं माझें ऐकलें. आठ माणसांच्या एका मेळांत त्यांनीं नांव घातलें. परंतु त्यापूर्वीं एक अडचण पार करावी लागली, आणि ती प्रत्येक वडीलधाऱ्या माणसानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला असावा लागतो. नसल्यास आपल्याच देशाच्या विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतां येतें. ही लस प्रवासापूर्वीं निदान दहा दिवस टोंचून घ्यावी लागते. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. मात्र साठीनंतर प्रथमच ही लस घेणाऱ्यांना तिचा गंभीर उपद्रव होण्याचा संभव तरुणांपेक्षां अधिक असतो. अंड्याची तीव्र बाधा होणाऱ्यांना आणि रोगप्रतिकारशक्ति क्षीण असलेल्यांनाहि ती वर्ज्य आहे. म्हणून पैसे भरण्याच्या आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा, नंतर नव्हे. वहिनींची प्रकृति नीट तपासून, दोन्ही बाजू त्यांना समजावून सांगून डॉक्टरांनीं लस दिली, आणि कांहीं त्रास झाला नाहीं. ज्यांना डॉक्टर नको म्हणतील त्यांनीं हिरमुसूं नये. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या प्रदेशांत मोडत नाहीं. तेथील क्रूगर उद्यान १९२६ पासून प्रसिद्ध आहे आणि रानांतलें पुष्कळसें वैभव तेथेंहि पाहावयास मिळतें.

ऑगस्टमध्यें वहिनी निघाल्या. नैरोबी समुद्रसपाटीपासून साडेपांच हजार फुटांवर असल्यामुळें तेथें त्या दिवसांत चांगलाच गारवा असतो. आफ्रिका म्हणजे उकाडा अशा समजुतीनें गेलेले लोक कुडकुडतात. वहिनींनीं मात्र लोकरीची शाल घेतली होती. भूगोल शिकविल्याचा एवढा तरी उपयोग झाला!

पहिल्याच दिवशीं लहान मेळाचा एक फायदा त्यांना कळून आला, जो कोणत्याहि जाहिरातींत छापलेला नसतो. रानांत गाडींतून वाटेल तेथें उतरण्याची मनाई असते. ठराविक जागींच उतरतां येतें. उतारवयांत, विशेषतः बायकांना, चार-पांच तास अडकून बसणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि चाळीस अनोळखी माणसांत ती बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहींत आणि दुपारीं डोकें धरून बसतात. वहिनींच्या गाडींत चौघेंच होतीं. त्यांतल्या एका बाईंनीं पहिल्याच सकाळीं वाटाड्याला मोकळेपणानें सांगून ठेवलें, आणि पुढें त्यानेंच दर दोन तासांनीं गाडी योग्य जागीं नेण्याचा परिपाठ ठेवला. "भावजी, मी आठ दिवस पोटभर पाणी प्यालें," असें वहिनींनीं मला सांगितलें, तेव्हां मला हंसूं आलें. पण विचार केल्यावर पटलें कीं प्रवासाचें सुख अशाच गोष्टींवर अवलंबून असतें.

दुसरा फायदा वाटाड्याचा. केनियांत वाटाड्यांच्या व्यावसायिक संघटनेच्या परीक्षा असतात आणि त्यांत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. असा शिकलेला माणूस चौघांच्या गाडींत असला म्हणजे तो केवळ चालक राहत नाहीं, शिक्षक होतो. वहिनींनीं त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलें. बोलतां बोलतां स्वाहिली भाषेंतील शब्दांची गोष्ट निघाली. गाडीला ते ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आंब्याला ‘एंबे’, विम्याला ‘बीमा’; हिशेब म्हणजे ‘हेसाबू’ आणि बातमी म्हणजे ‘हबारी’. ‘सफारी’ हा शब्द तर आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ, दोघेहि अरबींतून आलेले. वहिनींनीं हे शब्द वहींत उतरून घेतले आणि त्याला त्यांचीं मराठी रूपें लिहून दिलीं. मोठ्या तांड्यांत असा संवाद होणें कठीण.

मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप पाहावे म्हणून लोक या दिवसांत तेथें जातात. दहा लाखांहून अधिक जनावरें गवत आणि पाणी यांच्या शोधार्थ टांझानियांतील सेरेंगेटीमधून मारांत येतात आणि पुन्हां परत जातात. वहिनींच्या मेळानें सर्वानुमतें ठरविलें कीं, दुपारचें जेवण बरोबर घ्यावें आणि नदीकांठींच थांबावें. चार तास थांबले. कळप कांठापर्यंत आला, धूळ उडाली, पुढचीं जनावरें पाण्याकडे पाहत उभीं राहिलीं आणि मग कशानें बिचकलीं कोण जाणे, सारा कळप मागें फिरला. दुसऱ्या दिवशींहि तेंच झालें. ओलांडणी कांहीं दिसली नाहीं. मीं हळहळ व्यक्त केली तेव्हां वहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांना मगरींची भीति वाटते, आपल्याला दाखविण्यासाठीं का तीं उडी घालतील? चार तास कोणी घाईनें उठविलें नाहीं, हेंच मला पुष्कळ झालें."

शेवटीं ती मंडळी नैरोबीहून रेल्वेनें मोंबासाला गेलीं. २०१७ पासून तेथें नवा लोहमार्ग सुरू आहे आणि गाडी त्सावोच्या रानांतून जाते. १८९८ सालीं याच त्सावोला पूल बांधणाऱ्या मजुरांना सिंहांनीं तंबूंतून उचलून नेलें होतें. आठांपैकीं कोणालाहि हें ठाऊक नव्हतें. वहिनींनीं तें सांगितलें, आणि मग बराच वेळ सगळीं खिडकीबाहेर पाहत बसलीं.

लहान मेळाचे दोषहि सांगितले पाहिजेत. गाडी व वाटाड्या यांचा खर्च थोड्या डोक्यांवर वांटला जात असल्यामुळें माणशीं आकार जास्त पडतो. एकट्या व्यक्तीनें स्वतंत्र खोली मागितल्यास निराळा आकार द्यावा लागतो. आणि आठांत एक जरी कुरकुऱ्या निघाला तरी त्याच्यापासून सुटका नाहीं. चाळिसांत तो हरवून जातो. वहिनींच्या मेळांतहि एक गृहस्थ असे होते, त्यांना रोजचा चहा पसंत पडत नसे. तिसऱ्या दिवसापासून सर्वांनीं त्यांनाच चहाचे परीक्षक नेमलें आणि तंटा मिटला.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं सहल ठरविणाऱ्यास पुढील गोष्टी लेखी विचाराव्या. एका गाडींत माणसें किती आणि प्रत्येकास खिडकी मिळेल कीं नाहीं? वाटाड्याची कोणती परीक्षा झाली आहे? आजार उद्भवल्यास विमानानें नैरोबीस हलविण्याची व्यवस्था विम्यांत धरली आहे काय? (१९५७ सालीं स्थापन झालेली आम्रेफ ही संस्था तेथें उडत्या डॉक्टरांची सेवा चालविते.) हिंवतापाच्या गोळ्या कोणत्या घ्यावयाच्या, हें मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावें. लहान विमानानें जावयाचें असेल तर बहुधा पंधरा किलोच सामान, तेंहि मऊ पिशवींत, न्यावें लागतें. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरींच ठेवाव्या. २०१७ पासून केनियांत त्यांना बंदी आहे.

चिरंजीवांची काळजी खोटी नव्हती. गर्दींत आई सुरक्षित राहील असें त्यांना वाटलें, तें प्रेमापोटींच. परंतु गर्दींत माणसाची फक्त मोजदाद होते; सकाळीं बसमध्यें चढलेलीं डोकीं संध्याकाळीं उतरलीं कीं काम झालें. आठ माणसांत एकाचा चेहरा उतरला तर तो उरलेल्या सातांना दिसतो. वहिनींना एका सकाळीं चक्कर आल्यासारखें झालें, तें त्यांनीं बोलण्यापूर्वींच शेजारच्या बाईंच्या लक्षांत आलें होतें. काळजी हीच असेल तर तिचें उत्तर लहान मेळांतच अधिक चांगलें मिळतें.

ज्या घरांत असें एखादें माणूस आहे, ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांना वाटा दाखविल्या आणि स्वतः उंबऱ्याशीं उभें राहिलें, त्या घरानें त्याला एकदां विचारून पाहावें कीं तुम्हांला कोठें जायचें आहे. उत्तर काशी येईल, कदाचित् आफ्रिका येईल. आफ्रिका आलें तर दचकूं नये. डॉक्टरांना विचारावें, सात चांगलीं माणसें शोधावीं आणि सुखानें निरोप द्यावा.