‘हो गं’ म्हणून एंटर मारण्याआधी...

घरातून निघताना आई रोज विचारते, ‘‘किल्ली घेतलीस? डबा घेतलास? मोबाइल?’’ आपण चपला घालता घालता ‘हो गं’ म्हणतो आणि दोन जिने उतरल्यावर डब्यासाठी धापा टाकत परत येतो. आईने विचारलं होतं, आपण उत्तरही दिलं होतं. फक्त प्रश्न काही ऐकला नव्हता.

मागच्या वर्षी माझं आणि माझ्या लॅपटॉपचं असंच झालं. मी मास कॉमची विद्यार्थिनी. डेटा जर्नालिझमच्या असाइनमेंटसाठी मित्राने लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलं होतं. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, कमांड पेस्ट करायची, एंटर मारायचा, एवढंच मला यायचं. एका रात्री कोड चालेना. वाटलं, पायथनच बिघडलंय, काढून परत टाकू. कमांड दिली. स्क्रीनभर कसली कसली नावं सरकत गेली आणि खाली नेहमीचा प्रश्न आला, ‘डू यू वाँट टू कंटिन्यू?’ पुढे कंसात कॅपिटल वाय आणि स्मॉल एन. मी एंटर मारला. नंतर रीस्टार्ट केलं तर डेस्कटॉप गायब! काळी स्क्रीन आणि लॉगिन मागणारी एकच ओळ. उबुंटूचे कितीतरी भाग पायथनच्या आधारावर उभे असतात, ते काढलं की तेही निघतात, हे मला कुठे ठाऊक? सबमिशन दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या फायली शाबूत आहेत हे कळायला रात्रीचे दोन वाजले. मित्राचं पहिलं वाक्य काय? ‘‘अगं, वाचायचं ना!’’

मान्य. वाचायला हवं होतं. पण मग असं काही विचारायला नको का, की जे वाचावंसं वाटेल?

आता त्या कंसाचंच बघा. काहीच टाइप न करता नुसता एंटर मारला, तर कॅपिटल अक्षराचं उत्तर धरलं जातं. उबुंटूमध्ये सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याचं काम ‘अ‍ॅप्ट’ करतं आणि माझ्या अ‍ॅप्टमध्ये ते उत्तर ‘हो’ होतं. एखादा फॉन्ट टाकायचा असो की अख्खा डेस्कटॉप उडवायचा असो, प्रश्न तोच, कंस तोच. याउलट फेडोराच्या ‘डीएनएफ’मध्ये एन कॅपिटल असतो. नुसता एंटर म्हणजे ‘नाही’. फरक एका अक्षराचा, पण माझी रात्र वाचली असती.

मग दहा वेळा विचारावं का? मुळीच नको. सारखं विचारलं की लोक पळवाट काढतात. कमांडला ‘डॅश वाय’ जोडलं की प्रश्न येतच नाही. इंटरनेटवरच्या कितीतरी सूचनांमध्ये ते आधीच जोडलेलं असतं आणि आपण तसंच पेस्ट करतो. युनिक्समध्ये तर ‘येस’ नावाची कमांडच आहे. थांबवेपर्यंत ती एकामागून एक वाय छापत राहते, म्हणजे विचारणाऱ्याला परस्पर ‘हो हो’ मिळत राहतं!

बरं, एंटरऐवजी पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं तर? तेही करून झालंय. २०२१मध्ये प्रसिद्ध टेक यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन ‘पॉप ओएस’वर गेमिंगचं ‘स्टीम’ टाकत होता. पॅकेजमधल्या गडबडीमुळे अ‍ॅप्ट डेस्कटॉपच काढायला निघालं. इशारा आला, ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ हे वाक्य टाइप करायला सांगितलं गेलं. त्याने ते केलं आणि डेस्कटॉप गेला. रोज कॉम्प्युटरमध्ये डोकं घालणाऱ्या माणसाचं हे झालं, तर तुमचं-माझं काय? त्याला स्टीम हवं होतं आणि वाक्य टाइप केलं की स्टीम मिळेल, एवढंच त्याने धरलं. त्यानंतर अ‍ॅप्ट बदललं. सिस्टीमचे अत्यावश्यक भाग काढायला आता ते सरळ नकार देतं. खरंच काढायचे असतील तर तसा वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. मला हे फार पटलं. जे सहसा कुणालाच करायचं नसतं, ते एका प्रश्नावर का सोडायचं?

आयटी आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. फायनल इयर प्रोजेक्टमध्ये शेवटच्या रात्री तुम्ही ‘आर यू शुअर?’ असं चिकटवून मोकळे होता. युजर कायम शुअरच असतो हो! त्यापेक्षा काय होणार ते सांगा: ‘यामुळे तुमचा डेस्कटॉप निघून जाईल.’ अनपेक्षित काही घडणार असेल तेव्हाच विचारा. अ‍ॅप्टचा हा गुण घ्या: मागितलं तेवढंच टाकायचं असेल तर ते गप्प काम करतं, सोबत आणखी पॅकेजेस येणार असतील तेव्हा विचारतं. काढून टाकण्याच्या कामाला नुसत्या एंटरचा अर्थ ‘नाही’ ठेवा. आणि जमलं तर परतीची वाट द्या. डीएनएफमध्ये झालेला व्यवहार उलटवण्याची सोय आहे. अशी सोय असली की प्रश्नावरचा भार कमी होतो.

आणि बाकी आपण सगळ्यांनी? निदान प्रश्नाच्या वरची आकड्यांची ओळ वाचूया. किती नवीन येणार, किती काढले जाणार, तिथे लिहिलेलं असतं. काढल्या जाणाऱ्यांचा आकडा शून्य नसेल तर हात एंटरवरून उचला.

परवा आईला हे सगळं सांगितलं. ती हसली. काल निघताना तिने काहीच विचारलं नाही, फक्त म्हणाली, ‘‘डबा ओट्यावर राहिलाय.’’

मी लगेच मागे फिरले.