तेलाआधी चेन पाहा

पावसाळा सरून गळीत हंगाम तोंडावर आला, की वारणानगर-कोडोली पट्ट्यातल्या सायकली दुरुस्तीला येऊ लागतात. चार महिने चिखलपाण्यात फिरलेल्या चेनी करकरत असतात. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा तेल सोडा की," आणि आपण हाताशी असलेलं जळकं ऑइल वरून ओतून मोकळे होतो. ही सवय कारागिरांनी आता सोडावी, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

बाद झालेली एखादी चेन पंचाने तोडा, एक पिन बाहेर काढा आणि तिच्यावरून नख फिरवा. नखाला खाच लागेल. बाहेरच्या पट्ट्या मात्र धडधाकट असतात. चेन वाढते ती अशी आतून: पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक जोडात किंचित फट पडते आणि शंभरेक जोडांची मिळून चेन लोंबू लागते. तेव्हा तेल हवं ते या जोडांच्या आत. बाहेर माखलेल्या तेलावर धूळ बसते आणि तोच काळा लगदा आत शिरून पोलाद घासतो. जळक्या ऑइलात तर काजळी आणि धातूचा कीस आधीपासूनच असतो. वरून थापलेलं ग्रीस आतवर पोचत नाही. गोडेतेल कालांतराने चिकट होऊन धरतं.

तेल निवडताना सायकल कुठे आणि कधी चालते, ते आधी विचारा. भर पावसात शाळा-कॉलेजला जाणाऱ्या साध्या सायकलीला जरा दाट चेन ऑइल द्या. ते लवकर धुऊन जात नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी धुळीने भरलेल्या रस्त्यावर हिवाळा-उन्हाळ्यात पातळ, कोरडं राहणारं तेल बरं. पन्हाळा-जोतिबाचा चढ मारणाऱ्या गिअरच्या सायकलींना पॅराफिन मेण उत्तम. पण त्यासाठी चेनवरचं जुनं तेल पुरतं निघायला हवं आणि पावसात भिजली की पुन्हा मेण द्यावं लागतं. मेणाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीच नको.

तेल कोणतंही असो, क्रम एकच. रॉकेल आणि ब्रशने चेन धुवा, पूर्ण वाळू द्या. आत राहिलेलं रॉकेल नवं तेल पातळ करतं. मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, पॅडल उलटं फिरवा, तेल मुरू द्या आणि बाहेरचं फडक्याने पुसून घ्या. पुसणं टाळलं तर आधीची मेहनत वाया गेली.

त्याआधी स्टीलची पट्टी लावा. नव्या चेनचे 24 जोड बरोबर 12 इंच, म्हणजे 304.8 मिलिमीटर भरतात. साध्या सायकलीत हे माप 12 इंच 1 सूत झालं, की चेन बदलाच. गिअरच्या सायकलीत त्याच्या निम्म्या वाढीलाच बदललेली बरी. उशीर झाला तर फ्रीचे दातही जातात आणि गिऱ्हाइकाला दुहेरी भुर्दंड बसतो.

तात्यासाहेब कोरे यांनी इथे उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात यंत्रांच्या देखभालीचं मोल कुणाला वेगळं सांगायला नको. गाळप थांबलं की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होतं आणि त्यावर खर्चही होतो. तीच शिस्त सायकलीला लावा. चेन-सफाई हे फुकटचं काम समजू नका. त्याची मजुरी बिलात वेगळी लिहा आणि गिऱ्हाइकाला पट्टीवरचं माप दाखवा. दाखवलेल्या मापाचे पैसे लोक मनापासून देतात.