नाकातले थेंब चालतात, मग स्प्रेचीच भीती का?

महिनोन् महिने नाक चोंदलेलं असणाऱ्या रुग्णांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. 'खिशात किंवा पर्समध्ये नाकात घालायच्या थेंबांची बाटली आहे का?' बऱ्याचदा ती निघते. कुणी सहा महिने वापरत असतं, कुणी सहा वर्षं. उशाशी एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक, गाडीत एक. बाटली संपत आली की जीव कासावीस होतो. याच रुग्णाला स्टिरॉइडचा स्प्रे लिहून दिला की चेहरा पडतो. 'डॉक्टर, स्टिरॉइड नको. त्याची सवय लागते म्हणतात.'

सवय लावणारं औषध खिशात आणि सवय न लावणाऱ्या औषधाची धास्ती! जुनाट सर्दीच्या उपचारातली सगळ्यात मोठी गफलत माझ्या मते हीच आहे आणि तिचा दोष एकट्या रुग्णावर टाकता येत नाही.

नाक चोंदतं म्हणजे काय होतं?

बहुतेकांना वाटतं की आत शेंबूड साठलाय. पण शिंकरून काही निघत नाही, तरी नाक बंदच राहतं. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना टर्बिनेट नावाचे मांसल उंचवटे असतात. त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. धुळीतले सूक्ष्म किडे, पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी, गाजर गवताचे परागकण, उदबत्तीचा किंवा डासांच्या कॉइलचा धूर अशा कशाने तरी अस्तराचा दाह झाला की या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अडवतात. एकदा डावी, एकदा उजवी नाकपुडी बंद होणं हे मात्र काही अंशी नैसर्गिक आहे. निरोगी नाकातही दर काही तासांनी बाजू बदलते, फक्त ते जाणवत नाही.

थेंब काय करतात?

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब या रक्तवाहिन्या आवळतात. काही मिनिटांत नाक मोकळं. साध्या सर्दीत तीन-चार दिवस वापरायला हे औषध चांगलंच आहे. पण दाह कमी करण्याचं काम ते करत नाही. रोज वापरत राहिलं की असर ओसरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब, मग पुन्हा सूज. शेवटी मूळ ॲलर्जी राहते बाजूला आणि थेंबांमुळेच नाक बंद राहू लागतं. वैद्यकशास्त्रात याला स्वतंत्र नाव आहे, रायनायटिस मेडिकामेंटोसा, म्हणजे औषधाने आणलेली सर्दी. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांनी तर हे थेंब विचारल्याशिवाय घेऊच नयेत. मोठ्यांची बाटली तान्ह्या बाळाच्या नाकात कधीही घालू नये.

स्टिरॉइड शब्दाचं भूत

आता स्प्रेकडे वळू. फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही औषधं अस्तराचा दाहच कमी करतात. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि या दोन्हींचा रक्तात पोचणारा अंश २ टक्क्यांहूनही कमी. ती थेंबांसारखी सवय लावत नाहीत. दुष्परिणाम अगदीच नाहीत असं मी म्हणणार नाही. नाक कोरडं पडतं, कधी रक्ताचा अंश दिसतो आणि लहान मुलांना दीर्घकाळ द्यायचा असेल तर उंचीवर लक्ष ठेवावं लागतं. पण अनेक महिने चोंदलेल्या ॲलर्जीच्या नाकासाठी आज उपलब्ध असलेलं सर्वांत परिणामकारक औषध हेच आहे.

गंमत म्हणजे स्प्रेला घाबरणारेच अनेकदा 'सर्दीचं इंजेक्शन' बिनदिक्कत घेतात. त्यात बहुधा स्टिरॉइडच असतं आणि ते सगळ्या शरीरात जातं. भीती बाळगायचीच तर ती तिथे बाळगा.

मग स्प्रेने 'काही फरक पडला नाही' असं लोक का म्हणतात? कारण तो थेंबांसारखा पाच मिनिटांत काम करत नाही. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात, आणि तो चौथ्या दिवशी बंद केलेला असतो. दुसरं कारण मारण्याची पद्धत. डोकं थोडं पुढे झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा. टोक मधल्या पडद्याकडे न करता बाहेर, कानाच्या दिशेने ठेवा. जोरात हुंगू नका. औषध घशात उतरलं तर ते नाकाला मिळत नाही. हे दाखवायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट आम्ही डॉक्टर अनेकदा देत नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

गोळ्यांचं काय?

सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या शिंका, खाज, वाहतं नाक यांवर चांगल्या. चोंदलेल्या नाकावर त्यांचा प्रभाव तोकडा. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने ते तोंडावाटे नेहमीच्या डोसमध्ये नाक मोकळं करत नाही असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी आपल्याकडे क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापणं बंधनकारक केलं गेलं. मॉन्टेल्युकास्टची गोळीही आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. तिच्यावर अमेरिकेत २०२० पासून मनःस्थिती आणि वागणुकीतल्या बदलांबाबत ठळक इशारा आहे, आणि इतर उपाय पुरेसे असतील तर ॲलर्जीच्या सर्दीसाठी ती टाळावी असा सल्ला आहे.

मला काय बदल हवा आहे?

२०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एका मसुद्यात चिठ्ठीशिवाय विकता येतील अशी १६ औषधं सुचवली होती. त्यांत हे थेंबही होते, आणि वापर पाच दिवसांपुरताच अशी अट होती. अट योग्यच आहे. पण पाच दिवस मोजणार कोण? म्हणून माझं म्हणणं साधं आहे. थेंब लिहिणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवर ते बंद करायची तारीखही लिहावी. मेडिकलवाल्याने दुसरी बाटली देताना 'किती दिवस घेताय?' एवढं विचारावं. खोक्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात इशारा असावा. यातल्या कशालाच फारसा खर्च येत नाही.

तुम्ही थेंबांत अडकला असाल तर घाबरू नका, सुटका होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइड स्प्रे सुरू करून आधी एका नाकपुडीतले थेंब थांबवता येतात. ती सुधारली की दुसरीतले. सुरुवातीचे काही दिवस अवघड जातात. तेव्हा मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा, खरा उपयोग होतो. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. नळाचं किंवा टाकीचं थेट वापरू नका. अशा पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूपर्यंत पोचल्याची उदाहरणं विरळा असली, तरी जीवघेणी आहेत.

आणि प्रत्येक बंद नाक ॲलर्जीचं नसतं. सतत एकाच बाजूने बंद, रक्त येणं, वास जाणं, चेहरा दुखणं, लहान मुलाने तोंड उघडं ठेवून घोरणं, यांपैकी काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वाकडा पडदा, पॉलिप, ॲडेनॉइड किंवा क्वचित गाठही असू शकते. सोबत दम लागत असेल तर छातीही तपासून घ्या, कारण ॲलर्जीची सर्दी आणि दमा पुष्कळदा जोडीने येतात.

'मला कायमचीच सर्दी आहे' असं म्हणत वर्षानुवर्षं अर्धवट झोपेवर दिवस काढणं गरजेचं नाही. आज घरी गेल्यावर थेंबांची बाटली हातात घ्या आणि ती कधीपासून वापरताय ते आठवा. उत्तर आठवड्यापेक्षा जास्त असेल, तर पुढची बाटली आणण्याआधी डॉक्टरांकडे जा.